इंजिनाच्या सांध्यांतील लेप

मोटारीचें इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून तें पुन्हां जुळविण्याच्या कामास आपल्याकडील मेकॅनिक ‘इंजिन बांधणें’ असें म्हणतात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पोथी फडक्यांत बांधावी तसें इंजिन बांधावयाचें. या बांधणीच्या शेवटीं मेकॅनिक दांताच्या पेस्टसारखी एक नळी काढतो, तींतील राखी, काळा किंवा तांबडा चिकट लेप लोखंडाच्या कांठावरून फिरवितो, वर दुसरा भाग बसवून बोल्ट आवळतो आणि हात पुसतो. सारें काम पांच मिनिटांचें. परंतु त्या पांच मिनिटांमागें तीनशें वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यांत एकाचें दिवाळें आहे, दुसऱ्याची निराशा आहे, एका गरीब बाईचा मृत्यु आहे, आणि थोडा विनोदहि आहे. तो इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. लोखंडाचे दोन तुकडे चांगले घांसून एकमेकांवर ठेवले व बोल्टांनीं आवळले, तर मध्यें फट राहीलच कशी, असें पुष्कळांस वाटतें. आरशासारखा गुळगुळीत दिसणारा धातु चांगल्या भिंगाखालीं धरला म्हणजे हा भ्रम जातो. तेथें सह्याद्रीच्या रांगाच दिसूं लागतात. दोन पृष्ठें समोरासमोर आलीं कीं शिखर शिखरास टेकतें आणि मधल्या दऱ्या मोकळ्या राहतात. त्या दऱ्यांतून तेल, पाणी आणि वायु आपली वाट काढतात. त्यांत पुन्हां उष्णतेची अडचण. तापल्यावर ॲल्युमिनियम हें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. म्हणजे बिडाच्या ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचें झांकण असेल तर इंजिन तापतांना आणि निवतांना तीं दोन पृष्ठें एकमेकांवर किंचित् सरकणारच. बोल्ट कितीहि आवळा, हें सरकणें थांबत नाहीं. तेव्हां त्या दोहोंमध्यें असें कांहीं तरी हवें कीं जें दऱ्या भरून काढील, हें सरकणें सोशील, आणि उष्णतेनें जळणार नाहीं. हें ‘कांहीं तरी’ शोधण्यांत माणसानें तीन शतकें घालविलीं.

वाफेच्या यंत्राच्या आरंभीं टॉमस सेव्हरी याचें नांव येतें. त्यानें इंग्लंडांत १६९८ सालीं पेटंट मिळविलें. त्याच्या यंत्रांत दट्ट्या नव्हता; वाफेच्या दाबानें पाणी वर लोटावयाचें इतकीच कल्पना होती. परंतु दाब वाढविला कीं वाफेच्या उष्णतेनें सांध्यांचा साधा डाख वितळूं लागे. कल्पना ठीक होती, पण सांधा टिकला नाहीं. पुढें चौदा वर्षांनीं, १७१२ सालीं, टॉमस न्यूकमेन यानें डडलीच्या किल्ल्याजवळ कोळशाच्या खाणींतील पाणी उपसण्याकरितां आपलें प्रसिद्ध यंत्र उभें केलें. त्याचें नळकांडें पितळेचें, २१ इंच व्यासाचें आणि ७ फूट १० इंच उंचीचें होतें. त्या काळच्या हत्यारांनीं एवढें नळकांडें आंतून खरें गोल करणें अशक्यच होतें. दट्ट्या आणि भिंत यांच्यामध्यें फट ही ठेवलेलीच. न्यूकमेननें यावर काढलेला तोड मोठा चतुर आहे. दट्ट्यावर त्यानें चामड्याची चकती बसविली आणि तिच्यावर पाण्याचा थर सोडला. खालीं वाफ थंड होऊन पोकळी निर्माण झाली कीं वरची हवा दट्ट्यास खालीं रेटी. पण फटींतून आंत शिरावयाचें तर त्या हवेला आधीं पाण्यांतून वाट काढावी लागे. पाणी स्वतःच फटींत ओढलें जाई व ती बुजवी. मला विचाराल तर इंजिनाच्या सांध्यांतील पहिला द्रव लेप हाच.

परंतु या पाण्याची किंमत मोजावी लागे. फटींतून झिरपलेलें थंड पाणी नळकांडें थंड करी, आणि पुढच्या खेपेस तेंच नळकांडें तापविण्यांत पुष्कळ वाफ वांया जाई. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशीं याची कोणास फिकीर नव्हती, कारण न खपणारा चुरा तेथें हवा तेवढा पडलेला असे. कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणींत मात्र कोळसा गलबतानें आणावा लागे. तेथील मालकांस हा खर्च जाचूं लागला.

आतां जेम्स वॅटकडे वळूं. शाळेंत मीं वर्षानुवर्षें मुलांना किटलीची गोष्ट शिकविली. लहानगा जेम्स चुलीपाशीं बसलेला, किटलीचें झांकण वाफेनें नाचतें आहे, आणि तें पाहून त्याला यंत्र सुचतें, ही ती गोष्ट. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील एक गंमत माझ्या ध्यानांत फार उशिरां आली. झांकण नाचतें तें वाफ कडेनें निसटते म्हणून. आणि वॅटच्या उमेदीच्या वर्षांतलें सर्वांत मोठें दुःख नेमकें तेंच होतें.

१७६५ सालीं एका रविवारीं ग्लासगोच्या हिरवळीवर फिरत असतां त्याला सुचलें कीं वाफ नळकांड्यांतच थंड करण्याऐवजीं ती शेजारच्या निराळ्या भांड्यांत नेऊन थंड करावी, म्हणजे नळकांडें सदा उष्ण राहील आणि कोळसा वांचेल. कल्पना सुचावयास एक फेरफटका पुरला. पण त्या कल्पनेचें यंत्र विकत घेऊन कामास लावण्याजोगें व्हावयास १७७६ साल उजाडलें. मधलीं अकरा वर्षें कोठें गेलीं? त्यांतलीं पुष्कळशीं फटींत गेलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. नळकांडें उष्ण ठेवावयाचें म्हटल्यावर न्यूकमेनचा पाण्याचा थर बाद झाला. मग दट्ट्या घट्ट बसवावयाचा कशानें? वॅटनें बूच लावून पाहिलें, तेलांत भिजविलेल्या चिंध्या लावून पाहिल्या, तागाचा चोथा, कागद, फार काय जुन्या टोप्यासुद्धां दट्ट्याभोंवतीं गुंडाळून पाहिल्या. वाफ निसटतच राहिली. १७६९ सालीं त्यानें जें पेटंट घेतलें त्याचें शेवटचें कलम वाचण्याजोगें आहे. पाण्याच्या ऐवजीं तेल, मेण, राळेच्या जातीचे पदार्थ, जनावरांची चरबी, पारा आणि वितळलेले इतर धातु यांनीं आपण दट्ट्या व यंत्राचे इतर भाग हवाबंद करूं, असा त्यांत दावा आहे. एका थोर शोधकाच्या जाहीरनाम्यांत मेण व चरबी यांना जागा मिळावी, यावरूनच त्याची निकड लक्षांत येईल.

त्याच वर्षीं स्कॉटलंडांत किनील येथें जॉन रोबक या भागीदाराच्या वाड्याशेजारीं वॅटनें मोठें यंत्र उभें केलें. त्याचें नळकांडें कथलाचें ओतलेलें, १८ इंच व्यासाचें. तें आंतून वांकडेंतिकडें निघालें आणि यंत्र फसलें. जॉन स्मीटन हा त्या काळचा नामांकित इंजिनियर. इतकें नाजूक यंत्र पुरेशा अचूकपणें घडवितील अशीं हत्यारेंहि नाहींत आणि माणसेंहि नाहींत, असें त्याचें मत पडलें. आणि तें त्या दिवसापुरतें अगदीं खरें होतें. पोट भरण्यासाठीं वॅट कालव्यांची मोजणी करीत हिंडूं लागला. नवे शोध लावण्याइतका मूर्खपणाचा उद्योग जगांत दुसरा नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्यानें त्या दिवसांत काढले आहेत. १७७३ सालीं रोबकचें दिवाळें वाजलें आणि त्याच वर्षीं वॅटची पत्नी वारली.

सुटका झाली ती लेपामुळें नव्हे. रोबकचा वांटा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यानें घेतला, आणि बोल्टनच्या ओळखीनें जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार पुढें आला. विल्किन्सननें तोफा पोखरण्याचें नवें यंत्र काढलें होतें. १७७५ च्या सुमारास त्यानें नळकांड्यांसाठीं निराळेंच यंत्र बांधलें. पूर्वींच्या यंत्रांत कापणारा दांडा एकाच टोंकास धरलेला असे, त्यामुळें ओतीव नळकांड्याच्या पोटांत जें वांकण असेल त्याच्यामागून तो मुकाट्यानें जाई. विल्किन्सननें दांडा नळकांड्यांतून आरपार नेऊन दोन्ही टोंकांस टेकविला. इतकीच युक्ति. टिप्टन येथें बसविलेलें ५० इंची नळकांडें कोठेंहि जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकेंसुद्धां चुकत नाहीं, असें बोल्टननें १७७६ सालीं आनंदानें कळविलें. आजच्या कारागिरास एवढ्या मोठ्या चुकीचें हसूं येईल. पण शिलिंगाच्या जाडीची फट तागाच्या पेडांनीं व चरबीनें बुजवितां येत होती. त्याहून मोठी फट येत नव्हती. धातु जेवढा खरा, तेवढाच लेप उपयोगाचा, हा या विषयांतला कायदा त्या वर्षीं सिद्ध झाला, आणि तो अद्याप बदललेला नाहीं.

दट्ट्याचा प्रश्न असा सुटला, पण यंत्रास दट्ट्याखेरीज शेंकडों न हलणारे सांधे असतात. त्यांच्यासाठीं वॅटचा हुशार सहकारी विल्यम मर्डॉक यानें एक लुकण काढलें. लोखंडाचा कीस आणि नवसागर हे दोन पदार्थ त्याच्या हत्यारांच्या पिशवींत चुकून एकत्र झाले, आणि पाहतो तों त्यांचा दगड झालेला, अशी त्याची कथा सांगतात. नवसागर म्हणजे आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या भांड्यांत टाकतो तोच. त्याच्या योगानें लोखंडाचा कीस झपाट्यानें गंजतो, गंजतांना फुगतो, आणि फुगून सांध्यांत घट्ट अडकतो. गंज हा लोखंडाचा शत्रु. पण येथें त्यालाच पहाऱ्यावर बसविला! अशा रीतीनें जोडलेला सांधा पुढें उघडावयाचा म्हणजे छिन्नी घेऊनच बसावें लागे.

उघडतां येण्याजोग्या सांध्यांसाठीं दुसरा लेप प्रचारांत आला, आणि तो आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. शिशाचा सफेता व शिशाचा शेंदूर हे जवसाच्या तेलांत खलून तो लेप करीत. आपण मारुतीरायाला तेलांत खललेला शेंदूर लावतों, आणि त्या थरावर थर चढून मूर्तीवर कठीण कवच तयार होतें. त्याच धर्माचा लेप एकोणिसाव्या शतकांतील आगबोटींच्या, आगगाड्यांच्या आणि गिरण्यांच्या सांध्यांत भरला जाई. जवसाचें तेल हवेनें सुकतें, शिशाच्या योगानें तें अधिक लवकर सुकतें, आणि वाफेची धग सोसणारा कठीण पापुद्रा बनतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी निघाली ती साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनीं ओढली. त्या इंजिनांचें स्मरण आपण वेळोवेळीं करतों. परंतु त्या काळच्या वाफेच्या इंजिनांचे सांधे शिशाच्या अशा लेपांवाचून धड राहते ना, हें कोणी सांगत नाहीं. आपल्या घरीं येणारा जुना प्लंबर नळाच्या आट्यांवर सफेता लावून सुताचे वेढे देत असे, तो याच परंपरेंतला. शिसें हें विष आहे. या रंगांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या पोटांत कळा येत, मनगटें लुळीं पडत. तें दुखणें जुनें आणि माहितीचें होतें, तरी काम चालूच राहिलें.

शेंदराचा आणखी एक उपयोग झाला, तो मला अधिक मोलाचा वाटतो. जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेंत खऱ्या सपाट पृष्ठांवर एक निबंध वाचला. रीत अशी, कीं एका पाटावर रंगाचा अगदीं पातळ हात द्यावयाचा, दुसरा पाट त्याजवर ठेवून सरकवावयाचा, आणि ज्या ठिकाणीं रंग लागला तेवढेंच उंचवटे हातानें खरवडावयाचे. दोनच पाट घेतले तर एक खोलगट व दुसरा फुगीर राहूनहि ते नेमके जुळतील. म्हणून तीन पाट घ्यावयाचे आणि आळीपाळीनें एकमेकांवर पडताळावयाचे. म्हणजे फट बुजविणारा रंगच फट कोठें आहे हें दाखवूं लागला. मेकॅनिकच्या हातीं आज जी पट्टी असते, जी इंजिनाच्या माथ्यावर आडवी धरून तो खालून उजेड दिसतो का तें पाहतो, तिचा सरळपणा या तीन पाटांच्या वंशांतला आहे.

१८७६ सालीं निकोलस ऑटो यानें चार फेऱ्यांचें इंजिन चालवून दाखविलें, आणि आग बॉयलरखालून निघून नळकांड्याच्या पोटांत आली. स्फोटाच्या क्षणीं आंतील वायु दोन हजार अंशांच्यावर तापतो. त्यापुढें शेंदूर आणि जवस यांचा काय पाड? मग माथ्याच्या सांध्यांत तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांमध्यें ॲस्बेस्टॉस दाबून बसवूं लागले. खालच्या, तेलाच्या बाजूस मात्र कागद किंवा बूच यांचें गॅस्केट आणि त्यावर लाखेचा लेप पुरे होई. या लाखेविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. छोटा नागपुराकडे पळस आणि कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक आपल्या अंगाभोंवतीं जें कवच करतो तीच लाख. तिचे पातळ पापुद्रे म्हणजे शेलॅक. मद्यार्कांत विरघळविलेलें शेलॅक ब्रशानें गॅस्केटला फासलें कीं मद्यार्क उडून जातो व चिकट पडदा मागें राहतो. तेल त्याला बाधत नाहीं. पांडवांसाठीं लाक्षागृह बांधणाऱ्या पुरोचनाला लाख कशी पेटते तेवढेंच ठाऊक होतें. ती मोटारींतहि कामास येईल हें त्याच्या स्वप्नांत नसावें. आपल्याकडील कित्येक जुने मेकॅनिक कोणत्याहि लेपास अद्याप ‘शेलॅक’च म्हणतात. नळींतला पदार्थ निराळ्याच कुळांतला असतो, परंतु नांव त्या किड्याचें चालूं राहिलें आहे.

ॲस्बेस्टॉसची गोष्ट इतकी निरुपद्रवी नाहीं. हा खनिज धागा जळत नाहीं, कुजत नाहीं, दाबला असतां फटींत नेमका बसतो. गॅस्केटसाठीं यापरता पदार्थ शोधून सांपडला नसता. इंग्लंडांत रॉचडेल येथें नेली कर्शॉ नांवाची बाई ॲस्बेस्टॉसचें सूत कातण्याच्या कामावर होती. १९२४ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ती छातीच्या विकारानें वारली. विल्यम कुक या डॉक्टरानें तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण पाहिले आणि तिची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. १९३० सालीं सरकारी चौकशीचा अहवाल आला, १९३१ सालीं धुळीविरुद्ध नियम झाले. परंतु ब्रिटननें या पदार्थाच्या वापरावर पुरती बंदी घातली ती १९९९ सालीं. मधल्या काळांत जगभरच्या गॅरेजांतून जुनें गॅस्केट खरवडून फुंकरीनें ती पूड उडवून दिली जात होती. तीस वर्षांपूर्वींचें एखादें इंजिन आज कोणी उघडीत असेल तर त्यानें तें गॅस्केट कोरडें घांसूं नये, ओलें करून काढावें, एवढें येथें सांगून ठेवतों.

आतां सध्यांच्या लेपांकडे येऊं. हे मुख्यतः दोन घराण्यांचे आहेत आणि दोघांचे स्वभाव अगदीं विरुद्ध आहेत. पहिलें घराणें सिलिकोनचें. नॉटिंगहॅम येथील प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यानें वाळूंतील सिलिकॉन या मूलद्रव्याच्या संयुगांचा चाळीस वर्षें अभ्यास केला. त्याला हवे असत स्वच्छ स्फटिक. परंतु पुष्कळदां त्याच्या भांड्यांत डिंकासारखा चिकट गोळा उरे आणि त्यास तो उपद्रव वाटे. १९३७ सालच्या एका व्याख्यानांत, या शाखेंत लवकर कांहीं महत्त्वाची प्रगति होईल अशी फारशी आशा नाहीं, असें त्यानें सांगून टाकलें. तो गृहस्थ १९४९ पर्यंत जगला; तेव्हां आपल्या भांड्यांतील त्या चिकट गोळ्याचे कारखाने निघालेले त्याच्या हयातींतच दिसले. अमेरिकेंत हे पदार्थ स्वस्तांत करण्याची रीत १९४० सालीं सांपडली, आणि १९४३ सालीं स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीचा पहिला माल म्हणजे उंच उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या ठिणगीच्या जोडण्या ओलाव्यापासून राखणारा सिलिकोनचा लेपच होता. पुढें साध्या हवेंत आपोआप रबर बनणारें सिलिकोन निघालें. तें हवेंतला ओलावा शोषून घट्ट होतें, आणि घट्ट होतांना कांहीं जातींतून शिरक्यासारखा आंबट वास सुटतो. म्हणून मुंबईच्या पावसाळ्यांत तें लवकर आवळतें आणि नागपूरच्या मे महिन्यांत उशीर लावतें. याची मोठी मातब्बरी अशी कीं तें सुकल्यावरहि लवचिक राहतें; आरंभीं सांगितलेलें धातूंचें सरकणें तें निमूटपणें सोसतें.

दुसरें घराणें हवा नसेल तेव्हां घट्ट होणारें. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांस असा एक द्रव सांपडला कीं त्यांतून हवेचे बुडबुडे सोडीत राहिलें तर तो द्रव राहतो, आणि हवा बंद केली कीं दगड होतो. मोठा चमत्कारिक माल! बाटलींत बूच घालून ठेवला तर बाटलींतच थिजावयाचा. हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजांत रसायन शिकविणारे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांच्या कानावर ही गोष्ट, त्या कंपनींत असलेल्या त्यांच्या मुलाकडून गेली. त्यांनीं मिश्रणांत सुधारणा करून तें टिकाऊ केलें, १९५३ सालीं कंपनी काढली, आणि १९५६ सालीं लॉकटाइट या नांवानें न्यूयॉर्कमध्यें तें लोकांपुढें ठेवलें. तो द्रव ज्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत विकतात त्यांतून हवा थोडीथोडी आंत झिरपते, आणि त्या मुद्दाम अर्ध्यामुर्ध्याच भरतात. गिऱ्हाइकाला वाटतें दुकानदारानें फसविलें. पण रिकामी जागा ही त्या मालाचा प्राण आहे. दोन धातूंच्या मध्यें हा लेप आवळला गेला कीं हवा तुटते, लोखंडाचा संपर्क घडतो आणि तो घट्ट होतो. बाहेर ओघळलेला भाग मात्र पातळच राहतो व तेलांत मिसळून जातो. त्याची गांठ होत नाहीं. पण हा लेप केवळ अरुंद फटीचा धनी आहे. अर्ध्या मिलिमीटरावर फट गेली कीं त्याचा निरुपाय होतो. शिवाय त्याला ताठ जोडण्या आवडतात, लवणारा पत्रा आवडत नाहीं. सिलिकोन रुंद फटी भरतें. पण आंतल्या बाजूस ओघळलेलें सिलिकोनहि तितक्याच निष्ठेनें रबर होतें.

या शेवटच्या वाक्यांत जो धोका आहे त्याचा अनुभव मीं घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या जुन्या मोटारीचें इंजिन एका गॅरेजांत बांधून घेतलें. गाडी हातीं आली तेव्हां खालच्या तेलाच्या टाकीच्या कडेनें तांबड्या लेपाची बोटभर जाड किनार बाहेर आलेली होती. मला ती पाहून समाधानच वाटलें. कारागिरानें हात राखला नाहीं असें मनांत आलें. जेवढा लेप बाहेर आला तेवढाच आंतहि गेला असेल, हा साधा हिशेब, आयुष्यभर गणित शिकवूनहि, मीं केला नाहीं. सातशें-आठशें किलोमीटर गाडी नीट चालली. मग खंबाटकीच्या घाटांत चढणीवर तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला. गाडी कडेस घेईपर्यंत आंतून ठोके ऐकूं आले आणि इंजिन धरलें. दुसऱ्या एका मेकॅनिकनें तें उघडलें तेव्हां तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीवर तांबड्या रबराच्या पट्ट्या एकावर एक बसलेल्या निघाल्या. दुधावरची साय गाळणींत अडकते तशा. सांध्यांतून तेलाचा एक थेंब गळला नव्हता. सांधा उत्तम होता. तेल बेअरिंगांपर्यंत पोहोंचलेंच नव्हतें.

कमी लेप लागल्यानें जो दोष होतो तो फरशीवर डाग पाडून आपली वर्दी देतो. अधिक लेपाचा दोष आंत होतो आणि कांहीं सांगत नाहीं. हें विमानाची इंजिनें बांधणारांस केव्हांच कळलें आहे. लायकमिंग व काँटिनेंटल या अमेरिकन कंपन्यांच्या पिस्टनच्या विमान-इंजिनांत क्रँककेसचे दोन अर्धे भाग जोडतांना मध्यें कागदाचेंहि गॅस्केट नसतें. तेथें कडेनें एक बारीक रेशमी धागा घालतात आणि त्याखालीं लेपाचा जेमतेम पुसट हात असतो. कारण मुख्य बेअरिंगांचीं भोंकें हे दोन भाग एकत्र आवळूनच कापलेलीं असतात. मध्यें लेपाचा जाड थर राहिला तर भोंक गोल राहत नाहीं, आणि पुढें तो थर दाबून निघाला म्हणजे आवळलेले बोल्ट सैल पडतात. वॅटच्या दट्ट्याला जुनी टोपी लागत होती. येथें रेशमाचा धागा पुरतो. मधल्या दोन शतकांत लेप सुधारला हें खरें, पण त्याहून अधिक सुधारला तो धातु.

ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे व जे तें बांधून घेणार आहेत, त्यांच्यासाठीं त्या दुसऱ्या मेकॅनिकनें माझ्यासमोर काय केलें तें सांगतों, म्हणजे या इतिहासाचा शेवट कोठें येऊन टेकला आहे तें दिसेल. त्यानें दोन्ही पृष्ठांवरचा जुना लेप लांकडी पट्टीनें काढला. पोलादी हत्यार ॲल्युमिनियमला लावलें नाहीं, कारण एक ओरखडा म्हणजे एक नवी दरी. मग थिनरच्या फडक्यानें पृष्ठें पुसून तीं कोरडीं होऊं दिलीं, कारण तेलाच्या बोटावर कोणताहि लेप धरत नाहीं. पट्टी आडवी धरून उजेड पाहिला. टाकीच्या पत्र्याची कड बोल्टांच्या भोंकांपाशीं ओढल्यानें फुगलेली होती, ती त्यानें ऐरणीवर ठेवून हलक्या हातानें सपाट ठोकली. पहिल्या गॅरेजांत हा फुगवटा लेपानें बुजविला होता. माथ्याच्या गॅस्केटला त्यानें लेपाचा स्पर्शहि होऊं दिला नाहीं. टाकीच्या कांठावर ज्वारीच्या दाण्याहून बारीक अशी एकच अखंड रेघ ओढली, भोंकांना आंतल्या बाजूनें वळसा घालीत, आणि जेथें तीन भाग एकत्र येतात त्या कोंपऱ्यांत तेवढा एक एक ठिपका अधिक दिला. रेघ ओढल्यावर रेंगाळला नाहीं. वरचें कातडें धरण्याआधींच टाकी बसविली, बोल्ट समोरासमोरचे घेत आधीं बोटांनीं व मग पान्यानें आवळले.

मीं विचारलें, “आतां तेल भरावयाचें ना?” तो म्हणाला, “गुरुजी, उद्यां. आज त्याला पडूं द्या.” आणि नळीचें तोंड बंद करून ती त्यानें खिळ्यास टांगून ठेवली. तींतला लेप चौथाईसुद्धां संपला नव्हता.